जुन्या केस पेपरवरून डायबेटिस टाइप १ की टाइप २ कसं ठरवायचं? मदत हवी आहे

नंदुरबारकडच्या एका दवाखान्यातले शुगरच्या पेशंटचे जुने केस पेपर एक्सेलमध्ये भरतोय, नावं काढलीत, पण निम्म्या पेपरवर नुसतं 'डीएम' (म्हणजे डायबेटिस) लिहिलंय, टाइपच नाही. वय, वजन, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर), औषधं आणि निदानाची तारीख आहे, सी-पेप्टाइड किंवा गॅड अँटीबॉडी (टाइप ओळखायला मदत करणाऱ्या रक्ततपासण्या) कुणाचीच केलेली नाही. पेशंट परत बोलवता येत नाहीत, बरेच ऊसतोडीला गुजरातेत जातात.

आधी इन्सुलिन चालू म्हणजे टाइप १ (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) असं धरलं, पण टाइप २ वालेही काही वर्षांनी इन्सुलिनवर येतातच ना. वजनावरून (बारीक तो टाइप १) पाहिलं तर आपल्याकडे टाइप २ चे पेशंटही कितीतरी बारीक असतात, तेही फसलं. चुकीचा शिक्का बसू नये एवढंच मनापासून वाटतं.

आता निदानावेळी वय ३५ च्या आत आणि ६ महिन्यांत इन्सुलिन सुरू होऊन सलग चालू म्हणजे टाइप १, असा नियम लावला तर चालेल का, आणि इन्सुलिनसोबत मेटफॉर्मिनही (टाइप २ ची नेहमीची गोळी) असेल तर त्याला कुठे टाकायचं?