१२ पाहुण्यांसाठी ग्रीक मेझेचं ताट: काय, किती, आणि आदल्या दिवशी किती उरकता येईल?

वांद्र्याची_वैदेही
येत्या शनिवारी संध्याकाळी घरी १२ माणसं आहेत. जेवण साधंच ठेवलंय, पण त्याआधी मधोमध मेझेचं, म्हणजे थोडं थोडं खायच्या ग्रीक पदार्थांचं, एक मोठं ताट मांडायचा विचार आहे. पाहुण्यांत ६ जण सगळं खाणारे, ४ शाकाहारी आणि २ जैन आहेत. घरात गॅस आणि २८ लिटरचा ओटीजी आहे. प्रश्न असे: १) किती पदार्थ पुरेत आणि प्रत्येकाचं प्रमाण किती? २) त्झात्झिकी (दही-काकडीची ग्रीक चटणी) दरवेळी तासाभरात पाणी सोडते, ती कशी टिकवायची? ३) फेटा चीजऐवजी पनीर चालेल का? ४) फिलोच्या (मैद्याच्या कागदासारख्या पातळ) पट्ट्या जवळपास मिळत नाहीत, पर्याय काय? ५) घरी मोठी पितळी परात आहे, ती वापरली तर चालेल ना?

खलबत्ता
वैदेहीताई, पुढे जेवण आहे म्हणून ताटात दोन चटणीवजा पदार्थ, एक चीज, ऑलिव्ह, एक गरम पदार्थ, कच्च्या भाज्या आणि पिटा (चपटा पाव) एवढं पुरे. सात-आठ वाट्या मांडल्या की प्रत्येकीतलं थोडं उरतं आणि तुमचं लक्षही विभागतं.

त्झात्झिकीचा प्रश्न पाण्याचा आहे आणि ते पाणी दोन ठिकाणांहून येतं, दह्यातून आणि काकडीतून. म्हशीच्या दुधाचं सव्वा किलो दही घ्या, त्याचा साधारण ५०० ग्रॅम चक्का निघतो. दही फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये ८ ते १० तास. नळाला किंवा खुंटीला टांगू नका. मुंबईच्या हवेत दही गळता गळता आंबट होतं आणि मग ती चव लसूण घालूनही झाकत नाही. डेअरीतला तयार चक्का घेतलात तर तो श्रीखंडासाठी गाळलेला, म्हणजे फारच कोरडा असतो. त्यात ३-४ चमचे ताजं गोड दही घालून सैल करा.

काकडी अर्धा किलो. टोकं कापून चाखून बघा, कडू निघाली तर ती काकडी बाजूला. उभी चिरून चमच्याने बिया काढा, मग किसा. पाऊण चमचा मीठ लावून २५ मिनिटं चाळणीत ठेवा, नंतर पंचात घालून पिळा. अर्ध्याच्या आसपास वजन पाण्याचं जातं. पिळल्यावर मुठीत दाबून पाहा, एक थेंबही सुटता कामा नये. नुसती किसलेली काकडी दह्यात टाकली की मीठ लागताच ती पाणी सोडत राहते. तुमची वाटी तासाभरात पाणचट होते ती म्हणूनच.

आता मिसळणं: ५०० ग्रॅम चक्का, ही काकडी, २ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, २ लहान चमचे व्हिनेगर, २ मोठे चमचे बारीक चिरलेला शेपू आणि मिठाबरोबर ठेचलेल्या २ लसूण पाकळ्या. मिक्सर फिरवू नका, चक्का पातळ होतो. लसणाचा तिखटपणा रात्रभरात वाढत जातो, त्यामुळे आदल्या दिवशी करणार असाल तर दीड पाकळीच घाला. काकडी मात्र आदल्या दिवशी नकोच, फक्त दह्याचं मिश्रण करून ठेवा. पिळलेली काकडी पाहुणे यायच्या तासभर आधी मिसळा.

शेपूप्रेमी
चीजबद्दल मी लिहिते. पनीर लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेलं असतं. ते आंबवलेलं नसतं आणि खारात मुरलेलंही नसतं. फेटा मेंढीच्या दुधाचं किंवा त्यात जास्तीत जास्त ३० टक्के शेळीचं दूध मिसळून केलेलं, खाऱ्या पाण्यात मुरवलेलं चीज आहे. २००२ सालापासून युरोपीय संघात 'फेटा' हे नाव ग्रीसच्याच चीजला लावता येतं. इथे दुकानात 'फेटा' लिहिलेली पुष्कळ पाकिटं गाईच्या दुधाची असतात. ती चालतील, चव सौम्य असते इतकंच. पाकिटावरचा घटकांचा मजकूर मात्र वाचा. काही फेटात प्राणिज रेनेट (दूध साकळवणारं, वासराच्या पोटातून काढलेलं द्रव्य) असतं आणि शाकाहारी व जैन पाहुण्यांसाठी तो मुद्दा मोठा आहे. हिरवा ठिपका बघूनच घ्या.

१२ जणांना ४०० ग्रॅम पुरेल. चौकोनी तुकडे करू नका, वडी अखंड ठेवा. तुकड्यांच्या कडा पंख्याखाली सुकून पिवळट पडतात. वडी टिपून कोरडी करा, ताटलीत ठेवा, वर दोन चमचे ऑलिव्ह तेल आणि चिमूटभर सुका ओरेगॅनो. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या त्यासाठी घेऊ नका, त्यांत मीठ, लसूण, मिरची असं बरंच काही मिसळलेलं असतं. निव्वळ ओरेगॅनोची बाटली आणा आणि तळहातावर चुरून घाला. फेटा फार खारट लागला तर थंड पाण्यात १० ते १५ मिनिटं बुडवून ठेवा.

पनीरच वापरायचं असेल तर अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ आणि २ चमचे व्हिनेगर घालून घट्ट पनीर त्यात २४ तास फ्रिजमध्ये मुरवा. चांगलं लागतं, पण पाहुण्यांना ते पनीर म्हणूनच वाढावं.

ऑलिव्ह ३०० ग्रॅम, पाणी काढून मोजलेले, आणि शक्यतो कलामाता. तो जांभळट, बदामासारखा निमुळता असतो. डब्यातले एकसारखे काळे, चकत्या केलेले ऑलिव्ह बहुतेकदा हिरवी फळं प्रक्रियेने काळी केलेली असतात, त्यांना चव फार थोडी. बरण्या क्रॉफर्ड मार्केटमधल्या आयात मालाच्या दुकानांत किंवा पाली नाक्याच्या बाजारात सापडतील. शेपू आणि काकडी शनिवारी सकाळी दादरहून आणा. बीसकट ऑलिव्ह ठेवणार असाल तर शेजारी बियांसाठी रिकामी वाटी हवीच, नाहीतर लोक बिया हातात धरून बसतात.

तिसरा_मजला
दुसरी वाटी हुमुसची करा. काबुली चणे सगळ्यांना आवडतात आणि लहान मुलंही खातात.

खलबत्ता
हुमुस चविष्टच आहे. पण तो लेव्हंटचा, म्हणजे लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या भागातला. ग्रीक ताट म्हणायचं तर त्या जागेवर फावा बसतो, आणि तो आपल्या हाताला सोपा आहे, कारण तो पिवळ्या डाळीचाच. वाण्याकडे पिवळ्या वाटाण्याची डाळ मिळते, ती पाव किलो घ्या. तूरडाळ किंवा मूगडाळ घातली की वरणाची चव येते.

डाळ स्वच्छ धुवा. पाऊण लिटर पाणी आणि एक अख्खा सोललेला कांदा घालून उघड्या पातेल्यात मंद आचेवर ४० मिनिटं शिजवा. सुरुवातीला येणारा फेस काढून टाका. हळद नाही, फोडणी नाही. कांदा काढून डाळ घोटा, ४ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, अर्ध्या लिंबाचा रस आणि मीठ घाला. गरम असताना ती पिठल्यापेक्षा थोडी सैलच हवी, कारण गार होताना घट्ट होते. पिठल्याइतकी दाट उतरवलीत तर संध्याकाळी तिच्या वड्या कापाव्या लागतील! वाढताना वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, केपर्स (खारवलेल्या लहान कळ्या) आणि कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार.

भरताच्या वांग्याची मेलित्झानोसालाताही याच पठडीतली आहे, पण तुमच्याकडे वेळ कमी आहे, म्हणून यावेळी ती सोडा. कधी केलीत तर वांगी भाजून सोलल्यावर नळाखाली धरू नका, धुराचा वास धुऊन जातो. गर अर्धा तास चाळणीत निथळवा आणि सुरीने चिरा, मिक्सरमध्ये तो चिकट होतो.

वांद्र्याची_वैदेही
मनापासून आभार, फावा नक्की करते. जैन पाहुण्यांसाठी कांदा-लसूण वगळलं की झालं ना? आणि तो गरम पदार्थ?

पार्लेकर
ताई, कांदा-लसूण वगळून पुरत नाही, आधी त्यांना फोन करून चार गोष्टी विचारा. सूर्यास्तानंतर खातात का? चातुर्मासात पालेभाज्या सोडल्या आहेत का, कारण पालक आणि शेपू दोन्ही पालेभाज्याच. आदल्या दिवशीचं दही चालतं का? आणि द्विदल पाळतात का, म्हणजे कच्चं दही आणि डाळ एकत्र. पाळत असतील तर त्झात्झिकी आणि फावा यांतलं एकच त्यांच्या ताटलीत जाईल. लसणाऐवजी हिंग घालू नका, तो या चवीत परका वाटतो. किसलेली लिंबाची साल आणि पुदिना पुरतो. त्यांची वाटी आणि चमचा वेगळा, आणि ती सगळ्यात आधी भरा.

गरम पदार्थ म्हणून स्पानाकोपिता (पालक-फेटाचं सारण भरलेले भाजलेले त्रिकोण) करा, पण फिलोऐवजी समोशाची पट्टी. मोहम्मद अली रोडच्या भागात ती ताजी मिळते, सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्येही असते. तिला फिलोसारखे पापुद्रे सुटणार नाहीत, कुरकुरीतपणा मात्र छान येतो, आणि त्रिकोणी घडी तर पट्टी समोशाचीच.

२४ नगांसाठी: निवडलेला पालक ५०० ग्रॅम, पाणी न घालता कढईत २-३ मिनिटं मऊ करा, गार करा आणि काकडीसारखाच पिळा. पिळल्यावर तो मुठीएवढा उरतो, तेवढाच उरायला हवा. त्यात पाव कप शेपू, दोन पातींचा कांदा (जैनांच्या वाट्याला नाही), १५० ग्रॅम चुरलेलं फेटा, एक चमचा कोरडा रवा, चिमूटभर जायफळ, मिरपूड. एरवी बांधायला अंडं घालतात, इथे ते काम रवा करतो आणि उरलेलं पाणीही ओढून घेतो. मीठ घालू नका, फेटात पुरेसं असतं. हे फेटा ताटातल्या ४०० ग्रॅममध्ये धरलेलं नाही, वेगळं आणा.

प्रत्येक पट्टीत एक लहान चमचा सारण, मैद्याच्या खळीने तोंड बंद, दोन्ही बाजूंना वितळलेलं लोणी. ओटीजी १० मिनिटं आधी तापवा, १९० अंशांवर २० मिनिटं भाजा, १२व्या मिनिटाला उलटा. एका थरात १२च मावतील, कोंबलेत तर वाफेने मऊ पडतात. पट्ट्यांवर ओलसर फडकं हवं, ओलं नको: ओल्या फडक्याने त्या एकमेकींना चिकटतात आणि उघड्या ठेवल्या तर पंख्याखाली दुमडताना तुटतात. कच्चे त्रिकोण शुक्रवारी करून ताटात सुटे गोठवा, शनिवारी गोठलेलेच ओटीजीत घाला आणि ४-५ मिनिटं जास्त द्या.

मांसाहारी सहाजणांसाठी केफ्तेदाकिया (खिम्याचे छोटे तळलेले गोळे) करायच्या असतील तर ५०० ग्रॅम मटण खिमा, भिजवून पिळलेले पावाचे २ स्लाइस, किसून पिळलेला एक कांदा, पुदिना, ओरेगॅनो, चमचाभर व्हिनेगर. आलं आणि गरम मसाला घातला की तो आपला कबाब झाला. २५ गोळे होतात. तासभर फ्रिजमध्ये ठेवून थोड्या तेलात तळा. मोठ्या ताटात ठेवू नका, वेगळी ताटली, तीही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

शेपूप्रेमी
परातीचं उत्तर राहिलं. कल्हई नसलेल्या पितळेवर दही, लिंबू, व्हिनेगर किंवा ऑलिव्हचं खारं पाणी लागू देऊ नका. आंबट पदार्थ पितळेला कळकतात, चव बिघडते आणि ते पोटालाही वाईट. परात हवीच असेल तर तिच्यात केळीचं पान पसरा, ओलं सगळं काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाट्यांत ठेवा, आणि पानावर फक्त पिटा आणि कोरडे केलेले काकडीचे तुकडे.

मांडताना आधी वाट्या ठेवा, मग फेटाची ताटली, मग उरलेल्या जागा भरा. काकडी आणि टोमॅटो कापल्यावर पंचावर निथळू द्या आणि पिटाला चिकटून ठेवू नका. पिटा १२ घ्या, प्रत्येकाचे ८ तुकडे. तव्यावर तेलाचं बोट लावून दोन्ही बाजूंनी ४० सेकंद, मग पोळ्यांसारखे फडक्यात गुंडाळून डब्यात. डब्याच्या तळाशीही फडकं हवं, नाहीतर वाफेचं पाणी खालच्या पिटाला लागतं. एकदम सगळे काढू नका, तीन खेपांत आणा.

त्झात्झिकीचंही तसंच. दोन लहान वाट्या करा, एक बाहेर, एक फ्रिजमध्ये. एसी नसेल आणि खोली ३२ अंशांच्या वर असेल तर बाहेरची वाटी तासाभरात बदला. एसीत दोन तास चालेल. बाहेर राहिलेली परत फ्रिजमधल्या वाटीत मिसळायची नाही.

वांद्र्याची_वैदेही
शुक्रवारी दही बांधायचं, फावा, त्रिकोण. शनिवारी सकाळी दादर, दुपारी पिटा आणि ऑलिव्ह. बरोबर? फावा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर तेल गोठतं का?

खलबत्ता
दही गुरुवारी रात्री बांधा, म्हणजे शुक्रवारी चक्का हातात येईल. जैन पाहुण्यांना आदल्या दिवशीचं दही चालणार नसेल तर त्यांच्यापुरतं पाव किलो शनिवारी सकाळी वेगळं बांधा. हो, तेल थोडं गोठतं आणि फावा पिवळट-पांढरा दिसतो, बिघडलेला नसतो. वाढण्याआधी पाऊण तास बाहेर काढा, दोन चमचे गरम पाणी घालून घोटा, मीठ पुन्हा चाखा. कांदा आणि केपर्स अगदी शेवटी घाला, फ्रिजमध्ये राहिलेला कच्चा कांदा उग्र होतो. जैनांच्या वाटीसाठी डाळ शिजवतानाच वेगळी काढायची आहे हे विसरू नका, अख्खा कांदा सगळ्या पातेल्यात असतो.