शब्दचर्चा: ‘विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व’ याला मराठीत काय म्हणावं?

टाक
नमस्कार. आमच्या नगरपंचायतीचं सुक्या कचऱ्यावरचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय, आणि एका शब्दसमूहापाशी मी अडले आहे: ‘विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व’. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधली ही तरतूद. मुद्दा तसा सरळ आहे. वेफर्सचं पाकीट, शाम्पूची पुडी, तेलाची पिशवी ज्या कंपनीने बाजारात आणली, तिनेच ती रिकामी झाल्यावर गोळा करायची व्यवस्थाही करायची. पत्रक वाचणार घंटागाडीवरच्या ताई, बचत गटातल्या बायका आणि किराणा दुकानदार. एका ताईंना हे तीन शब्द वाचून दाखवले, तर त्यांनी विचारलं, “म्हणजे कंपनी वाढली का?” सुचवा काहीतरी.

पायवाट
ताईंनी व्याकरणाप्रमाणे अगदी बरोबर वाचलंय. विशेषण मराठीत लगतच्या शब्दाला चिकटतं, त्यामुळे इथे उत्पादकच विस्तारतो. वाढायची आहे ती जबाबदारी. तेव्हा आधी षष्ठी आणा: ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’.

आता विस्तार कुठपर्यंत? ही कल्पना १९९० साली स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट यांनी मांडली. वस्तू टाकाऊ झाल्यावर तिचं जे काही करावं लागतं त्याचा खर्च बनवणाऱ्याच्या अंगावर आला, की तो वस्तू घडवतानाच वेगळा विचार करेल, हे त्यामागचं गणित. जर्मनीने पुढच्याच वर्षी वेष्टनांसाठी तसा कायदा केला. म्हणजे विस्तार आहे तो विक्रीच्या पलीकडे. ‘विक्रीनंतरची जबाबदारी’ कसं वाटतं?

गुळवेल
‘विक्रीनंतरची’ म्हटलं की लोकांना मिक्सरची दुरुस्ती आठवणार. ‘वापरानंतरची’ म्हणा.

पण मला खरी अडचण ‘उत्पादक’ या शब्दाची वाटते. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे उत्पादक म्हणजे शेतकरी. ऊस उत्पादक, दूध उत्पादक. ‘दूधपिशवीची जबाबदारी उत्पादकाची’ असं पत्रकात छापलंत तर दोन म्हशींवर घर चालवणारी बाई म्हणेल, मी डेअरीला दूध घातलं, पिशवी कुठून आली माझ्या माथ्यावर? नियमांत तर तिचा संबंधच नाही. तिथे माणसं आहेत ती प्लास्टिकचं वेष्टन तयार करणारा, ते आयात करणारा आणि ज्याचं नाव त्यावर छापलंय तो. सरकारी मराठीत तिसऱ्याला नाममुद्राधारक वगैरे म्हणतील. पत्रकात ‘पाकिटावर ज्या कंपनीचं नाव आहे ती’ एवढं लांबलचक लिहिलंत तरी चालेल, कारण ते नाव वाचणाऱ्याच्या हातातच असतं.

दूधपिशवीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत राज्य सरकारने दूधपिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापायला सांगितली होती. ‘पुनर्खरेदी’ हा शब्द आमच्या दुकानात कोणाच्या तोंडी बसला नाही. ‘पिशवीचे पन्नास पैसे परत’ म्हटलं की कळायचं. मात्र ते परत देताना मी कुणाला पाहिलं नाही.

कातळ
मी हिशेबाच्या कामात आहे, म्हणून ‘दायित्व’ या शब्दाबद्दल बोलतो. ताळेबंदात एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला दायित्वे. तिथे दायित्व म्हणजे चुकवायलाच लागणारी रक्कम. तोच शब्द कंपनीच्या ‘सामाजिक दायित्वा’त गेला आणि पार मऊ झाला. शाळेला बाकं, गावाला पाण्याची टाकी, टेकडीवर झाडं, आणि उद्घाटनाच्या भाषणात ठरलेलं वाक्य: “आम्ही समाजाचं काही देणं लागतो.” कामं चांगली असतात, त्याबद्दल तक्रार नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. पण पाकिटं गोळा करणं हे त्यात बसत नाही, बसूच नये. २०२१ च्या दुरुस्त नियमांनी स्पष्टच केलंय की दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम या खर्चात धरता येणार नाही. कायद्याने दोन खाती वेगळी ठेवली आहेत. आपण दोन्हींना ‘दायित्व’ म्हणत राहिलो, तर वाचणारा दोन्हींकडे देणगी म्हणूनच बघणार.

माझं मत ‘देणं’ या शब्दाला. देणेकरी-घेणेकरी यातलं देणं. ते फेडायचं असतं, त्याबद्दल हार घालून घ्यायचे नसतात.

टाक
‘देणं’ आवडलं. मी ‘भरपाई’चाही विचार करत होते. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात लागू केलंय ना?

कातळ
केलंय. तिथे रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरींचं पाणी वापरायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. पण ‘भरपाई’ आपल्याकडे शेतकऱ्याला माहीत आहे ती अतिवृष्टीची, पंचनाम्यानंतरची, सरकारकडून मिळणारी. शब्द वाचला की देणारं सरकार डोळ्यांसमोर येतं आणि कंपनी बाजूला राहते. शिवाय याच तरतुदीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कंपनीचं ठरलेलं उद्दिष्ट चुकलं तर पर्यावरणीय भरपाई आहेच, पण ती भरूनही काम सुटत नाही; न गोळा केलेला माल पुढच्या वर्षांच्या खात्यावर चढतो. म्हणजे भरपाई भरली तरी देणं फिटत नाही. दोन्ही शब्द लागतील, ज्याच्या त्याच्या जागी.

मोगरी
एक शब्द कुणीच काढला नाही: निस्तरणं. “तू केलंस, तूच निस्तर.” पैसे फेकून मोकळं होणं यात येत नाही, घाण झालेली जागा पूर्ववत करणं येतं.

आणि आजवर निस्तरत कोण आलंय, तेही पत्रकात यायला हवं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडे हाताळावे लागतात, म्हणून या बायकांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची विनंती घराघरांत केली. २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनाही सांगितलं गेलं, पॅडसोबत गुंडाळायला पिशवी द्या. तेवढीशी पिशवी, पण ती कुणी द्यायची हे लिहून ठेवावं लागलं.

पाकिटांचंही तसंच. बाटलीला, पुठ्ठ्याला भंगारात भाव आहे. वेफर्सच्या पाकिटात थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते भंगारवाला घेत नाही, म्हणून वेचणारीही उचलत नाही. कंपनीने पैसे घातल्याशिवाय ते पाकीट नाल्यातून वर येणार नाही. आज प्लास्टिकवर प्रक्रिया झाल्याचं प्रमाणपत्र मिळतं ते पुनर्प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याला. वेचणाऱ्या बाईला तिची मजुरी पोचलीच पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही. ती असायला हवी, असं मला फार वाटतं.

टाक
सगळ्यांचं घेऊन असा मजकूर केलाय. शीर्षक: ‘वापरानंतरचं कंपनीचं देणं’. खाली: ‘पाकिटावर ज्या कंपनीचं नाव आहे, तिनेच ते रिकामं झाल्यावर निस्तरायचं. गोळा करण्याचा, वाहून नेण्याचा आणि वेचणाऱ्यांच्या मजुरीचा खर्च कंपनीने सोसायचा.’ नियमातला सरकारी शब्द शेवटी एकदाच देते, म्हणजे अर्ज करताना कुणी अडणार नाही.

पायवाट
छान झालंय. मजुरीचं नियमांत नाही असं मोगरी सांगतायत, तेव्हा ती मागणी म्हणून वेगळ्या ओळीत लिहा. कायदाच तसं सांगतो असं वाटायला नको. आणि ‘सोसायचा’ काढून ‘भरायचा’ करा. सोसण्यात त्याग येतो.

टाक
दोन्ही केलं. मजकूर शुक्रवारी छपाईला जातोय. दूधपिशवीच्या ओळीत डेअरीला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. गुळवेल, तुमच्याकडे ‘संघ’ म्हणतात, आमच्याकडे ‘डेअरी’. दोन्ही लिहू का?

गुळवेल
दोन्ही लिहा. फक्त ‘उत्पादक’ लिहू नका.