सौर प्रकल्पांना जनसुनावणी का नाही?
औष्णिक प्रकल्पांच्या जनसुनावणीत स्थानिकांचे म्हणणे केवळ इतिवृत्तापुरते उरते, ही नेहमीची तक्रार मला मान्य आहे. पण सौर प्रकल्पांत तेवढीही सोय नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या औष्णिक प्रकल्पाच्या सुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना आणि अहवालाचा स्थानिक भाषेतील सारांश द्यावा लागतो. सौर फोटोव्होल्टाइक (पॅनेलवर सूर्यप्रकाशातून थेट वीज करणारे) प्रकल्प मात्र त्या अधिसूचनेच्या कक्षेतच येत नाहीत. परिणामी ज्या माळावर धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या चरली, त्याच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसल्याने तारेचे कुंपण पडताना त्यांना कोणी विचारत नाही (मोबदला तर दूरच). गायरान देण्यापूर्वी ग्रामसभा बंधनकारक करावी आणि ती कोकणात उतरलेले धनगरांचे वाडे (मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे) परतल्यावर, पावसाळ्यातच घ्यावी, असे मला वाटते.