ब्रेक्झिटनंतर ब्रिटन स्वतःचं पोट भरणार म्हणे. भाजी काढणार कोण?

बोस्टनवासी

गेल्या आठवड्यात इथल्या मराठी गटात एक लेख फिरला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: युरोपीय युनियनने ब्रिटिश शेतकऱ्याचे हात बांधले होते, 2020 मध्ये ते सुटले, आता आयात आवळली की पाच वर्षांत देश अन्नात स्वयंपूर्ण होईल. 1984 मध्ये 78 टक्के अन्न इथलंच होतं, ते दिवस परत येतील. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला गप्प बसवलं नाही, म्हणून हे सविस्तर.

पहिली गोष्ट, 1984 मध्ये ब्रिटन युनियनच्या आतच होता, 1973 पासून. तो 78 टक्क्यांचा आकडा ब्रसेल्सच्या, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाच्या, हमीभावाच्या काळातला आहे. हमीभावापायी न खपलेल्या लोण्याचे डोंगर साठत होते तेव्हाचा. ज्या व्यवस्थेला शिव्या देताय तिचाच आकडा ढाल म्हणून वापरू नका.

मी इंग्लंडमधल्या बोस्टनजवळ भाजीच्या पॅकहाउसमध्ये काम करतो. 2016 च्या सार्वमतात इथे 75.6 टक्के लोकांनी युनियनमधून बाहेर पडायला मत दिलं, देशात सर्वाधिक. जमीन अशी की कोबी, फ्लॉवर, लीक लावाल ते येतं. तरीही 2023 मध्ये या देशाची भाजी 53 टक्के स्वतःची आणि फळं फक्त 16 टक्के. एकूण अन्न साठीच्या आसपास. जमीन कमी पडत नाही, माणसं कमी पडतात. आधी पोलंड-लिथुआनियाची माणसं यायची आणि वर्षानुवर्षं त्याच शेतावर यायची, हातात कसब असायचं. आता हंगामी व्हिसावर किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तानहून सहा महिन्यांसाठी येतात. काम शिकेपर्यंत परतीचं तिकीट. माणसं वेळेवर न आल्याने काढणीला आलेला फ्लॉवर रोटर मारून मातीत घातलेला मी पाहिला आहे. आयात बंद करून तो फ्लॉवर कोण काढणार होतं, हे त्या लेखकाने सांगावं.

तासगावकर, लेस्टर

बोस्टनवासी, अर्धंच सांगताय. ब्रसेल्सचं अनुदान हेक्टरवर मिळायचं. ज्याची जमीन मोठी त्याची थैली मोठी, पिकवा किंवा पडीक ठेवा. त्यामुळे जमिनीचे भाव आणि खंड असे चढले की नव्या पोराला शेतीत पाय ठेवता येईना. ते बंद करून माती, कुंपणं, पाणी यांच्या कामाला पैसे द्यायचं ठरलं, ते बाहेर पडल्यामुळेच शक्य झालं. हे चांगलं होतं की नाही, तेवढं बोला.

आणि युनियनचे नियम म्हणजे काय ते द्राक्षवाल्याला विचारा. 2010 मध्ये क्लोरमेक्वॉट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून भारतीय द्राक्षं अडकली. आमच्या घरचा माल त्यात होता. निर्यातदाराने हात वर केले, वडिलांनी ते कर्ज पुढे किती काळ फेडलं ते आम्ही भावंडं जाणतो. 2014 मध्ये हापूसवर बंदी. दूर कुठेतरी बसून 28 देशांना एकच फूटपट्टी लावायची, आणि लेस्टरच्या दुकानात ऐन मे महिन्यात आंबा नाही!

मेंढपाळाची सून, पोविस

माझं सासर वेल्समध्ये, मेंढ्या. मटणात हा देश बऱ्यापैकी स्वयंपूर्णच आहे, मग आमचं भलं व्हायला हवं होतं. झालं काय? आमचं कोकरू फ्रान्सला जातं. 1 जानेवारी 2021 पासून प्रत्येक खेपेला पशुवैद्याची सही, कागद, तपासणी. तिकडून येणारा माल मात्र एप्रिल 2024 पर्यंत जवळजवळ मोकळा येत होता, कारण आपल्याच सरकारने तपासणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. वर 31 मे 2023 पासून व्यापार करारांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मालाला दार उघडलं. हे करार झाले तेव्हा शेतीखातं ज्यांच्याकडे होतं, त्या जॉर्ज युस्टिस यांनीच नंतर संसदेत सांगितलं की ऑस्ट्रेलियाचा करार ब्रिटनच्या फायद्याचा नव्हता. मंत्रिपद गेल्यावर सांगितलं. सासरे त्या दिवशी टीव्ही बंद करून उठून गेले. त्यांनी 2016 मध्ये बाहेर पडायलाच मत दिलं होतं.

हॅरोचा रत्नागिरीकर

तासगावकर, हापूसची गोष्ट पुरी सांगा. 2013 मध्ये भारतातून आलेल्या आंबा-भाजीच्या 207 खेपांत फळमाशीसारखी कीड सापडली होती. बंदी हवेतून पडली नाही. आणि ब्रिटनच्याच शेतीखात्याने आपल्या काचघरांतल्या टोमॅटो-काकडीला धोका आहे म्हणून बंदीची बाजू घेतली होती. लंडनचं सरकार एकटं असतं तरी हेच झालं असतं. जानेवारी 2015 मध्ये बंदी उठली, तेव्हा ब्रिटन आतच होता. आमच्या बागेतल्या आंब्याला गरम पाण्याची प्रक्रिया करायला लागलो, माल सुधारला. नियमाने आमचं नुकसान झालं आणि फायदाही झाला, दोन्ही.

तासगावकर, लेस्टर

तुमची बाग मोठी असेल, प्रक्रियेचा खर्च तुम्हाला पेलला असेल. लहान बागायतदाराने काय करायचं? आंबा सुटला, पण अळू, पडवळ, कारलं, वांगं त्यानंतरही अडकूनच होतं. लेस्टरच्या आमच्या मंडळाने दोन गणपती अळूच्या भाजीशिवाय काढले. मूठभर खेपा खराब निघाल्या म्हणून सगळ्या देशाला दंड, हे तुम्हाला न्याय्य वाटतं?

हॅरोचा रत्नागिरीकर

207 म्हणजे मूठभर? खराब माल पाठवणाऱ्या निर्यातदाराला तुम्ही एका शब्दाने बोलत नाही. तुमच्या वडिलांचे पैसे त्याने बुडवले, ब्रसेल्सने नाही.

तासगावकर, लेस्टर

माझ्या वडिलांचा विषय तुम्ही काढायचा नाही. मी लिहिलं ते कळवळून लिहिलं, तुम्ही त्यात वकिली करताय.

निफाडचा कांदावाला

इथे बसून वाचतोय. स्वयंपूर्ण व्हायचंय ना ब्रिटनला? स्वयंपूर्ण झाल्यावर शेतकऱ्याचं काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा. कांदा आम्ही देशाला पुरून उरेल एवढा काढतो. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, 8 डिसेंबरला निर्यातच बंद केली, ती मे 2024 मध्ये उठली, तीही किमान दर आणि शुल्काच्या अटी घालून. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून. लासलगावला भाव कोसळले, पोराची फी मी उसनवार करून भरली. देशाचं पोट भरणं आणि शेतकऱ्याचं पोट भरणं यात सरकार नेहमी पहिलं निवडतं. तुमच्या वेल्सच्या सासऱ्यांना सांगा, आयात बंद झाली म्हणजे भाव मिळेल असं समजू नका. भाव चढायला लागला की त्यांच्याही मेंढ्यांवर निर्बंध येतील.

हॅरोचा रत्नागिरीकर

दादा, दुःख खरं आहे, पण विषय ब्रिटनचा आहे.

निफाडचा कांदावाला

आंबा चालतो, कांदा चालत नाही?

कोथरूडकर

आंबा-कांद्याच्या पलीकडे जरा. ब्रिटनने 1846 मध्ये धान्यावरचे कर उठवले, तेव्हापासून हा देश बाहेरचं स्वस्त धान्य खाऊन कारखाने चालवत आला. 1930च्या दशकात जेमतेम तिसरा हिस्सा अन्न घरचं होतं. मग दुसरं महायुद्ध, अन्नाची जहाजं बुडवणाऱ्या जर्मन पाणबुड्या, आणि रेशन 1954 पर्यंत. त्या भीतीतून 1947 चा शेती कायदा आणि हमीभाव आले. म्हणजे उत्पादन वाढलं ते सरकारने पैसा ओतला तेव्हा, आत असताना आणि त्याआधीही. आणि स्वयंपूर्ण कशात? इंग्लंडचा गहू खतावर उभा आहे, आणि खतासाठी अमोनिया बनवणारा बिलिंगहॅमचा कारखाना 2023 मध्ये कायमचा बंद झाला. गहू घरचा, नत्र परक्याचं. त्यात 2024 चं अति पावसाने बुडालेलं पीक: 2023 मध्ये 1.4 कोटी टन गहू, पुढच्या वर्षी 1.1 कोटीच्या आसपास. पावसाला सीमाशुल्क लावता येत नाही. एकाच ठिकाणी सगळं पिकवणं हासुद्धा जुगार आहे.

बोस्टनवासी

कोथरूडकर, हे पुण्यातून म्हणणं सोपं आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये इथल्या सुपरमार्केटांनी टोमॅटो-काकडी माणशी दोन-तीनच दिली. स्पेन-मोरोक्कोत थंडी पडली आणि इथल्या काचघरवाल्यांनी गॅसच्या बिलापायी लागवड कमी केली होती. तेव्हाच्या शेतीखात्याच्या मंत्री थेरेस कॉफी संसदेत टर्निपचं (सलगम) नाव घेऊ लागल्या, म्हणजे मोसमात इथे जे येतं ते खा. घरची भाजी असायला हवी यावर माझा वाद नाहीच. ती सुपरमार्केटच्या आजच्या खरेदीभावात पिकत नाही, यावर आहे.

तासगावकर, हेक्टरी अनुदानाबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य करतो, नाइलाजाने. पैसा मोठ्यांकडे जात होता. पण तुमच्या नव्या योजनेचं काय झालं तेही लिहा. 11 मार्च 2025 च्या संध्याकाळी इंग्लंडमधले नवे अर्ज अचानक बंद केले. माझ्या ओळखीचा एक शेतकरी कागद तयार करून बसला होता.

तासगावकर, लेस्टर

ते बंद केलं वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनच्या सरकारने, ब्रसेल्सने नाही. स्वतःच्या सरकारला मतदार घरी बसवू शकतो, ब्रसेल्सला बसवता येत नव्हतं. माझा मुद्दा सुरुवातीपासून हाच आहे. काढणीला माणसं नाहीत हे तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण मजुरी वाढवा ना. स्वस्त परदेशी हात मिळणार म्हणूनच शेती चालत असेल तर ती शेती कुणाच्या जिवावर चालते?

बोस्टनवासी

मजुरी वाढवली की फ्लॉवरचा भाव वाढतो, आणि सुपरमार्केट दुसऱ्या दिवशी स्पेनचा फ्लॉवर मांडतं. भाव वाढवून घ्यायला तुम्ही तयार आहात का, एवढं सांगा. मी आहे.

तासगावकर, लेस्टर

मीही आहे. पण हापूसबद्दल माझं मत बदललेलं नाही.

मेंढपाळाची सून, पोविस

तुम्ही दोघं भाव द्यायला तयार आहात, बाकीचा देश नाही. मार्च 2024 मध्ये कार्डिफला सेनेडच्या, म्हणजे वेल्सच्या संसदेच्या, पायऱ्यांवर आम्ही गमबुटांचे 5,500 जोड मांडले, वेल्सच्या नव्या शेती योजनेत जेवढी कामं जातील असा अंदाज होता तेवढे. त्या योजनेतली झाडं लावायची सक्ती तरी मागे घ्यायला लावली. ते सरकार कार्डिफचं होतं, म्हणून दार वाजवायला जाता आलं. तासगावकर, एवढ्यापुरतं तुमच्या बाजूने. पण मे 2025 मध्ये लंडन पुन्हा युनियनशी अन्नतपासणीच्या कराराची बोलणी करायला तयार झालं. झाला तर आमचं कोकरू कागदांशिवाय फ्रान्सला जाईल, नियम त्यांचे असतील आणि मत आपलं नसेल. सासरे म्हणतात, करा. मी त्यांना 2016 ची आठवण करून देत नाही, पुढच्या हंगामाचे कागद आत्तापासून भरायला घेतले आहेत.