वाड्यातल्या पाच घरांत पाहुणे ठेवायचे आहेत : विहीर, सेप्टिक टँक, कागद आणि पैशांची वाटणी

शेवंती_पेडणे

नमस्कार मंडळी. गोव्यात पेडणे तालुक्यात तेरेखोल नदीच्या काठी आमचा वाडा, म्हणजे गावातली वस्ती, आहे. समुद्र जवळ, पण वाड्यात अजून एकही हॉटेल नाही. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून घरं वर्षाच्या भाड्याने मागणारे लोक सतत येत असतात. घर दुसऱ्याच्या हाती देण्यापेक्षा पाच घरांनी मिळून प्रत्येकी दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात आणि बाकीच्या घरांनी जेवण, होडी, खाजनातली (नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीतली) फेरी ही कामं वाटून घ्यावीत, असं वाड्याच्या बैठकीत ठरतंय.

घरं जुनी, चिऱ्यांची. सामाईक विहीर एकच, गोल, ३ मीटर व्यासाची. नळाला पाणी येतं, पण उन्हाळ्यात भरवसा नाही. सेप्टिक टँक प्रत्येकाचा वेगळा आणि घरच्या माणसांपुरता बांधलेला. सुरुवात कुठून करायची? कोणते दाखले लागतात? आणि पैशांवरून वाड्यात भांडणं होऊ नयेत म्हणून आधीच काय ठरवून ठेवावं?

चिरेबंदी

शेवंतीताई, खोल्या रंगवण्याआधी विहीर मोजा. किती खोल्या चालवायच्या हे शेवटी तीच ठरवणार आहे.

हिशोब असा. १० खोल्या भरल्या तर २० पाहुणे. माणशी १५० लिटर धरले तर ३,००० लिटर. पाच घरांतली साधारण २५ माणसं, त्यांचे माणशी १०० लिटर म्हणजे २,५००. दिवसाचे झाले ५,५०० लिटर. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी १ सेंटिमीटर चढलं की सुमारे ७० लिटर भरतात. म्हणजे रोज जवळपास ७८ सेंटिमीटर पाणी उपसलं जाणार, आणि तेवढं रात्रीत परत भरायला हवं. बाकीची घरंही त्याच विहिरीवर असतील तर त्यांचा उपसा यात मिळवा.

मोजणी मे महिन्यात करा. डिसेंबरमधल्या मोजणीवर विसंबलात तर फसाल. संध्याकाळी वजन बांधलेली टेप सोडून पातळी लिहून घ्या, पंपाने १ मीटर पाणी उतरवा आणि पंप बंद करा. त्या रात्री कोणी पाणी काढायचं नाही. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी पातळी मोजा आणि मग थेट १२ तासांनी. पहिल्या तासात पाणी भराभर चढतं, पुढे वेग मंदावतो. म्हणून पहिल्या तासाला १२ ने गुणून खूश होऊ नका. १२ तासांत ७८ सेंटिमीटर भरलं नाही तर खोल्या कमी करा. उरलेलं पाणी टँकरने आणू म्हणाल, तर ते दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या विहिरीतून येणार आहे, हे बैठकीत सगळ्यांसमोर बोला.

तुमची विहीर नदीकाठची, त्यामुळे खारेपणा दुसरी भीती. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र थोड्या पैशांत मिळतं. उपशाआधी, उपसताना मध्येच आणि शेवटी, असे तीन आकडे घ्या. आकडा चढत गेला तर पंप नदीचं खारं पाणी ओढतोय. हीच चाचणी अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीलाही करा. पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. एकदम खूप उपसण्यापेक्षा पहाटे आणि रात्री थोडं थोडं उपसून वरच्या टाकीत साठवा. बोअरवेलचा विचार काठावर नकोच. खोल गेलात तर खारं पाणी लवकर गाठाल, आणि नव्या बोअरवेलला २००२ च्या भूजल कायद्याखाली जलस्रोत खात्याची परवानगी लागते.

निर्जंतुकीकरणाला ताजी ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि हलवा. निदान एक तास पाणी काढू नका. उघड्या डब्यातली जुनी पावडर निकामी असते. लोक मग दुप्पट टाकतात आणि पाण्याला वास येतो.

आता सेप्टिक टँक. घरच्या पाच माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर नाताळात नऊ माणसं आली की मैला तळाशी बसायला वेळच मिळत नाही. तो वाहत शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा बुजतो. १० माणसांसाठी आतली लांबी २ मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर, पाण्याची खोली १ मीटर आणि वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा, दर दोन वर्षांनी उपसा, असं धरा. शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर हवा. आपल्या जांभ्याला भेगा असतात, पाणी गाळलं न जाता सरळ निसटतं. म्हणून जागा असेल तर ३० मीटर ठेवा, आणि विहिरीच्या चढाच्या बाजूला कधीच नको. पावसात भूजल वर आलं की शोषखड्डा पाणी घेत नाही, तेव्हा पागोळ्यांचं पाणी त्याच्यापासून लांब वळवा. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी टाकीत सोडूच नका. मोरीच्या पाण्यातलं तेल एका लहान कुंडीत अडवा आणि दोन्ही पाणी माडांच्या-केळींच्या आळ्यात जाऊ द्या. संडासात ॲसिड ओतलं की टाकीतले जिवाणू मरतात, ओले टिश्यू टाकले की पाइप तुंबतो. झाकणाचा डबा आत ठेवा आणि सूचना भिंतीवर लावा.

जुन्या घरांचं वायरिंग तपासल्याशिवाय गिझर लावू नका. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला स्वतंत्र अडीच चौरस मिलिमीटरची तार, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. यात काटकसर करू नका.

कागदपत्र_म्हापसा

पाहुणे ठेवायचे तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. गट एक असला तरी नोंद घरागणिक. मालकीचा पुरावा, घरपट्टीची पावती, पंचायतीचा ना हरकत दाखला, खोल्यांचा आराखडा एवढी फाइल प्रत्येक घराची तयार ठेवा.

अडतं ते मालकीवर. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर आजोबांचं नाव, वारस मुंबईत आणि आखातात, आणि घरात राहणाऱ्याच्या हातात फक्त घरपट्टीची पावती. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे. वाटणी व्हायची असेल तर निदान सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती आत्ताच घ्या. पैसे येऊ लागल्यावर सह्या मिळवणं फार कठीण जातं.

सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारा नियम, फक्त समुद्राला लागतो हा मोठा गैरसमज आहे. भरतीचं पाणी चढणाऱ्या नदीच्या काठालाही तो लागतो. २०११ च्या अधिसूचनेत ही पट्टी भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदीच्या रुंदीइतकी, यांपैकी जे कमी असेल तितकी. राहत्या घरातली खोली आहे तशी वापरणं वेगळं आणि परसात नवी खोली, पत्र्याची शेड, नदीकडे सिमेंटचा धक्का उभारणं वेगळं. पट्टीत असं काहीही करायचं तर आधी किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावं लागतं. खाजनात भराव टाकून पार्किंग करण्याचा विचारही नको, त्या जमिनींना अधिसूचनेत वेगळं संरक्षण आहे.

बाकीचं थोडक्यात. जेवण विकणाऱ्या प्रत्येक स्वयंपाकघराची अन्न सुरक्षा नोंदणी करा. पाहुण्यांची वही रोज भरा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची, जिला सगळे सी फॉर्म म्हणतात. ही चुकली तर घरमालक गोत्यात येतो, म्हणून वाड्यात दोघांना तरी ती भरता आली पाहिजे. वीजमीटर घरगुती चालेल की व्यावसायिक दर लागेल, हे वीज खात्याकडून लेखी घ्या.

बचतगट_काणकोण

शेवंतीबाय, पैशांचं मी सांगते. भांडण दराच्या आकड्यावरून कमी होतं, पाहुणा कोणाच्या घरी गेला यावरून जास्त होतं.

पाळी लावा. पाच घरांची यादी फळ्यावर, येणारा पाहुणा पाळीच्या घरी. कोणी मुद्दाम एकच घर मागितलं तर त्या घराची पुढची पाळी भरली असं धरायचं. आजारपण, लग्न, सोयर-सुतक यांमुळे घर बंद असेल तर पाळी पुढे सरकते, बुडत नाही. फोन आणि बुकिंग मात्र कोणा एका घराच्या नंबरावर ठेवू नका. गटाचं वेगळं सिम घ्या आणि ते दर महिन्याला दुसऱ्या हाती द्या. ज्या घरातला मुलगा फाडफाड इंग्रजी बोलतो त्याच घराचा नंबर सगळीकडे जातो, आणि दोन मोसमांत बाकीची चार घरं त्याच्याकडे चादरी धुणारी होतात. त्या मुलाला कामाचे पैसे द्या, पण धंद्याची किल्ली त्याच्या एकट्याच्या खिशात नको.

वाटणी सुरुवातीलाच कागदावर आणा. समजा खोलीचे २,००० घेतले, तर १,६०० घराला, २०० फोन-हिशोब बघणाऱ्याला, २०० सामाईक खात्यात. या खात्यातून विहिरीचा गाळ काढणं, टाक्यांचा उपसा, पाण्याची तपासणी, कचऱ्याची सोय. बुकिंगच्या ॲपवरून पाहुणा आला तर १५ टक्के किंवा त्याहून जास्त कमिशन जातं. ते आधी वजा करून मग वाटणी, हेही लिहा, नाहीतर पहिल्याच महिन्यात वाद होईल. खात्यावर तीन जणांची नावं आणि त्यांतल्या कोणत्याही दोघांच्या सह्या. महिन्याचा हिशोब देवळाच्या सभामंडपात सगळ्यांसमोर वाचायचा, ज्यांच्याकडे खोल्या नाहीत त्यांच्यासमोरही. संस्था नोंदवायची तर १८६० च्या कायद्याखाली सात सभासद पुरतात.

जेवणाचे पैसे खोलीत मिसळू नका. जेवण वेगळं ठेवलं तरच खोल्या नसलेल्या घरांच्या हातात काही पडतं. आदल्या संध्याकाळपर्यंत किती ताटं ते कळलंच पाहिजे. ऐनवेळी ताटं वाढली की कोणीतरी बाजारातून आणलेले बर्फातले मासे तळून वाढतं, आणि पाहुणा ते जेवायला इतक्या लांब आलेला नसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या काळासाठी ताट वेगळं बसवा. सुक्या सुंगटांची किसमूर, खतखतें, अळसांदे, तांबडी भाजी, उकड्या तांदळाची पेज, सोलकढी. मिरची हरमलची घ्या, तिला भौगोलिक मानांकन आहे आणि ती तुमच्याच तालुक्यातली. आमच्या काणकोणातल्या खोला गावच्या मिरचीलाही आहे, पण तुम्ही तुमचीच वाढा. सोलं, नारळ, तांदूळ वाड्यातून विकत घ्या, रोख पैसे देऊन. घरचंच आहे म्हणून फुकट घेतलं तर शेत करणाऱ्याला या सगळ्यातून काय मिळालं?

एक कलम ठळक लिहा : गटातलं घर कोणी बाहेरच्या माणसाला वर्षाच्या भाड्याने दिलं तर ते त्याच दिवशी गटातून बाद, आणि गटाचं नाव, फोटो त्याला वापरता येणार नाहीत.

मानसकार

होडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मासेमारीसाठी नोंदवलेल्या होडीत पैसे घेऊन पाहुणे बसवता येत नाहीत. प्रवासी होडीसाठी बंदर कप्तान खात्याची वेगळी नोंदणी आणि परवाना लागतो. विमाही काढा. लाइफ जॅकेट माणशी एक, मुलांच्या मापाची वेगळी, आणि काठावरच बांधून निघायचं. मोठं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

फेरी भरतीवर बेता. पाणी चढत असताना नदीच्या वरच्या अंगाला जा, ओहोटी लागता लागता परत या. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणून रोज सकाळी ८ ची फेरी अशी जाहिरात करूच नका. केरीला नदी समुद्राला मिळते त्या मुखाकडे पाहुणे न्यायचे नाहीत. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतं, वाळूच्या पट्टीवर लाटा फुटतात आणि लहान होडी आडवी होते. पावसाळ्यात होडी बंद, कितीही पैसे मिळाले तरी.

खाजनातली फेरी मला जास्त मोलाची वाटते. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेचं, दार भरतीच्या पाण्याने आपोआप कसं मिटतं आणि ओहोटीला कसं उघडतं हे पाहायला माणसं तास तास उभी राहतात. पण मानशीतले मासे धरायचा हक्क लिलावात घेतलेल्याचा असतो. त्याला विचारा, फेरीचा वाटा द्या आणि शेतकऱ्यांच्या संघटनेलाही द्या. एका वेळी आठांपेक्षा जास्त माणसं बांधावर नकोत, तीही एकामागे एक. खेकड्यांच्या बिळांनी बांध आधीच पोकळ असतो. कड ढासळली आणि मोठ्या भरतीला खारं पाणी आत शिरलं तर खारं पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताची रोपंही तग धरत नाहीत.

मोरजी-मांद्रेला पाहुण्यांना कासवं दाखवायला नेणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च हा अंडी घालण्याचा काळ, आणि पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात. पांढरी बॅटरी नाही, फ्लॅश नाही, वाळूवर गाडी नाही. उजेड दिसला की पिल्लं समुद्राऐवजी त्याच्याकडे वळतात. वन खात्याची माणसं सांगतील तिथेच उभं राहायचं.

शेवंती_पेडणे

सगळ्यांचे मनापासून आभार. विहिरीची मोजणी येत्या मे महिन्यात करतो. आणखी एक अडचण : पाचांतलं एक घर मुंडकाराचं आहे, म्हणजे राहणारे ते, पण जमीन भाटकाराची, जमीनमालकाची. त्या घराला गटात धरता येईल का?

कागदपत्र_म्हापसा

लगेच खोल्या देऊ नका. १९७५ चा मुंडकार कायदा राहत्या घराला संरक्षण देतो. तिथे पाहुण्यांचा धंदा सुरू झाला तर भाटकाराच्या हाती हरकतीला निमित्त मिळतं आणि घरच धोक्यात येऊ शकतं. मुंडकार म्हणून मामलेदाराकडे नोंद झाली आहे का ते आधी बघा. नसेल तर ती करून घ्या आणि घराची जागा विकत घेण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे तो वापरायचा अर्ज वकिलाला दाखवून टाका. तोवर त्या घराला जेवणाची पाळी किंवा होडीचं काम द्या. स्वयंपाकही त्या घरात न करता दुसऱ्या घराच्या नोंदणीकृत स्वयंपाकघरात करू द्या. खोल्या चार घरांच्या ठेवा, पण पाचव्याची जागा फळ्यावर रिकामी राखा आणि जागा नावावर झाली की त्याला पाळी मिळेल असं ठरावात लिहून ठेवा.