मेळघाटातील उपकेंद्रांच्या जागा ठरवताना पावसाळा हिशेबात कसा घ्यावा?

नमस्कार. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत आरोग्य उपकेंद्रांसाठी सोयीच्या जागा कोणत्या ठरतील, याचा अभ्यास मी क्यूजीआयएस या नकाशांच्या विश्लेषणाच्या संगणक प्रणालीत करीत आहे. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र (मैदानी भागात ५,०००) असा निकष आहे. परंतु नुसत्या लोकसंख्येवर जागा ठरवल्यास, सिपना किंवा गडगा नदीला पूर आला की नकाशावर जवळ दिसणारे उपकेंद्र पलीकडच्या गावाला असून नसल्यासारखे होते.

२०११च्या जनगणनेतील गावे आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावरील रस्ते मी घेतले आहेत. पायवाटा त्यात फारशा नाहीत, म्हणून चढ-उताराचा वेळ एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने केलेल्या भूमापनाच्या) उंचीच्या आकड्यांवरून काढण्याचा विचार आहे. पावसाळ्यासाठी बुडणारे पूल वगळून रस्त्यांचे वेगळे जाळे करावे, की एकाच जाळ्यात त्या ठिकाणी वेळेचा दंड (प्रवासाचा जादा वेळ) धरावा?

खरी अडचण निकषाची आहे. लोकसंख्येनुसार एकूण अंतर कमीत कमी ठेवणारी पी-मीडियन पद्धत मोठ्या गावांकडे झुकते, तर ठरावीक अंतरात जास्तीत जास्त लोक सामावणारी पद्धत दुर्गम वस्त्या सरळ सोडून देते. सर्वांत दूरच्या गावाचे अंतर कमी करणारी पी-सेंटर पद्धत मला अधिक न्याय्य वाटते, मात्र एखादी एकाकी वस्ती सगळे उत्तर आपल्याकडे ओढून घेते. पी-मीडियन आणि पी-सेंटर या दोन्हींचा मेळ कोणी प्रत्यक्ष घातला असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.