उत्तर: हेवीवेटमध्ये वजनाचा फरक

एमएमएच्या (कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालणाऱ्या लढतींच्या) चर्चेत कुणी म्हणालं, 'हेवीवेटमध्ये, म्हणजे सर्वांत जड गटात, शेवटी आडदांड गडीच जिंकतो'; हे मत मला अर्धंच पटतं. या गटात 206 ते 265 पौंड सगळे एकत्र येतात, म्हणजे जवळजवळ 27 किलोंची तफावत. खालच्या गटांत एवढी मोकळीक कुठेच नाही.

तरी 2010 मध्ये केन वेलास्केझनं त्याच्याहून बऱ्याच जड ब्रॉक लेस्नरला पहिल्याच फेरीत गुंडाळलं. रशियाच्या फेडोर एमेलियानेन्कोनं 2007 च्या अखेरीस सात फुटांवरच्या चोई हाँग-मानला हात मुरगळून शरण आणलं. आमच्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या परंपरेत वाढलेल्या जुन्या मंडळींना याचं नवल वाटायचं नाही. दम आणि डाव असेल तर जड अंग उलट अंगावर येतं.

पण मिओचिच-एनगानू यांच्या दोन लढती पाहा. जानेवारी 2018 ला मिओचिच 246 पौंडांचा, एनगानू 263 चा. मिओचिचनं त्याला जाळीला दाबून, खाली पाडून दमवलं आणि पाचही फेऱ्या काढून जिंकला. मार्च 2021 ला मिओचिच 234 वर आला, एनगानू मात्र 263 वरच. या वेळी मिओचिच पाडायला गेला, एनगानू हललाच नाही, आणि दुसऱ्या फेरीत एनगानूनं सामना संपवला. एनगानूनं कुस्ती सुधारली होती हे खरंच, पण ते 29 पौंडही मला स्पष्ट दिसले.

डाव दोघांनाही येत असतील तेव्हा वजन बोलतं. म्हणून 225 पौंडांचा मधला गट यूएफसीनं (एमएमए लढती भरवणाऱ्या कंपनीनं) सुरू करावाच. एमएमएच्या एकत्रित नियमांत 2017 पासून त्याची तरतूद आहे.